जुनी नेक्सॉन घेताना: कोणत्या सालची आणि कोणाच्या नावावर?

  आज आपण शेळी, शिलाई मशीन, मसाला कांडप यांविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे चारचाकीविषयी. तुम्ही म्हणाल, गाडीचा विषय पुरुषांचा, आपल्याला त्यात काय कळतं? पण हप्ता आपल्या गटातून जातो, जामीन आपण राहतो आणि मागच्या सीटवर लेकरं घेऊन आपणच बसतो. तेव्हा विषय आपलाही आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. भीमाकाठच्या एका गावात आमची मासिक बैठक होती. एका ताईंनी गटाकडे कर्जाचा विषय काढला. त्यांच्या सासूबाईंना उपचारांसाठी आठवड्यातून दोनदा पुण्याला न्यावं लागतं. दौंडहून रेल्वे आहे, पण उपचार झाल्यावर म्हातारीला जिना चढवत नाही, गर्दीत उभं राहवत नाही. म्हणून भाड्याची गाडी करतात. मुलाने एक जुनी नेक्सॉन बघून ठेवली होती. गाडी चकचकीत, एजंट म्हणाला, “नव्या पिढीची आहे, पाच स्टार आहे, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय.”

बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. कारण दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका गटात अशी घाई झाली होती. तिथे जुनी गाडी घेतली, पैसे रोख दिले आणि नंतर कळलं की आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलंच नाही. वसुलीवाले गाडी घेऊन गेले. गाडी गेली, पण गटाचा हप्ता राहिला. त्या बाईने शेवटचा हप्ता कानातले मोडून भरला. तेव्हापासून आम्ही ठरवलं, की गाडीसाठी कोणी कर्ज मागितलं तर नाही म्हणायचं नाही, पण आधी नीट समजून घ्यायचं. ते जे समजलं, तेच आज सांगतो.

नेक्सॉनचंच उदाहरण घेऊ, कारण ही गाडी आपल्या घरचीच आहे. शिरूर तालुक्यात रांजणगावच्या एमआयडीसीत, महागणपतीपासून हाकेच्या अंतरावर, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात ती तयार होते. आपल्या कितीतरी घरांतली पोरं त्या पट्ट्यात कामाला जातात.

ही गाडी बाजारात आली सप्टेंबर २०१७ मध्ये. लांबी चार मीटरला अगदी थोडी कमी, म्हणजे ३,९९४ मिलिमीटर. अशी काटेकोर लांबी का? तर सरकारचा नियम असा, की गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंत असेल, तर तिला छोट्या गाडीचा कर लागतो. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं आणि डिझेल १,४९७ सीसीचं, ते त्यामुळेच. म्हणून ही गाडी उंच आणि दणकट दिसली तरी आत जागा पाच जणांचीच आहे. सात जणांचं कुटुंब त्यात कोंबायचं नाही.

आता ‘पिढी’ या शब्दाकडे येऊ. विकणारे सरसकट म्हणतात, नवी पिढी. पण नेक्सॉनचे २०१७, २०२० आणि २०२३ असे जे तीन अवतार आपण रस्त्यावर बघतो, त्यांचा सांगाडा मुळात एकच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तिन्हींत सारखंच, २,४९८ मिलिमीटर. जुन्या घराचा दर्शनी भाग नवा केला, आत फरशी बदलली, वायरिंग नवं केलं, तरी जोतं तेच राहतं, तसं हे आहे. त्यामुळे ‘नवी पिढी’ या शब्दाला भुलायचं नाही. आत नेमकं काय बदललं ते विचारायचं. तेवढ्याचेच पैसे जास्त द्यायचे.

पहिला अवतार, २०१७ ते २०१९. जमिनीपासून उंची २०९ मिलिमीटर, म्हणजे वस्तीवरच्या खडबडीत रस्त्याला चांगली. पुढे दोन एअरबॅग. हे इंजिन बीएस-४ चं.

दुसरा अवतार जानेवारी २०२० मध्ये आला. तोंड बदललं, पण खरा बदल आत होता. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ चा नियम लागू होणार होता, त्यासाठी इंजिनं बदलली. पेट्रोलची ताकद ११० वरून १२० झाली. एअरबॅग मात्र दोनच राहिल्या. बीएस-६ डिझेल घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी लांब पल्ल्याला चालली की ती तापते आणि आतली काजळी जळून जाते. पण रोज चार किलोमीटर शाळा आणि चार किलोमीटर डेअरी एवढंच चालवलं, तर गाळणी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. ज्यांचं फिरणं गावातल्या गावात आहे, त्यांनी पेट्रोलच बघावी.

तिसरा अवतार सप्टेंबर २०२३ चा. यात सगळ्यात स्वस्त प्रकारापासून सहा एअरबॅग आल्या. डिकी ३५० लिटरची ३८२ लिटर झाली. सहा एअरबॅगचं महत्त्व आपल्याला जास्त. दोन एअरबॅग असतात त्या पुढच्या दोघांच्या. सहामध्ये बाजूच्या पडद्यासारख्या असतात, त्या मागे बसणाऱ्यांचं डोकंही सांभाळतात. आणि मागे कोण बसतं? आपण आणि आपली लेकरं.

याच नावाची बॅटरीवर चालणारी गाडी जानेवारी २०२० मध्ये आली आणि सीएनजीवर चालणारी सप्टेंबर २०२४ मध्ये. बॅटरीच्या पहिल्या गाडीचा चाचणीतला पल्ला ३१२ किलोमीटर होता. रस्त्यावर तो कमी भरतो. जुनी घ्यायची असेल तर बॅटरीची वॉरंटी किती उरली आहे, ते कागदावर बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही.

आता ते पाच स्टार. हे स्टार गाडी धडकवून बघून देतात. समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आपटतात, आत माणसाएवढे पुतळे असतात आणि त्यांना किती मार लागला ते मोजतात. ग्लोबल एनकॅप या संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये नेक्सॉनला मोठ्या माणसांसाठी ४ स्टार दिले. कंपनीने सुधारणा केल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ५ स्टार मिळाले. भारतात तयार झालेल्या गाडीला ५ स्टार मिळण्याची ती पहिली वेळ, आणि ती गाडी आपल्या रांजणगावची. याचा अभिमान जरूर बाळगू. पण तेव्हा मुलांच्या सुरक्षेसाठी मिळालेले स्टार ३ होते, हे एजंट सांगत नाही. पुढे चाचणी आणखी कडक झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिसऱ्या अवताराला मोठ्यांसाठीही ५ आणि मुलांसाठीही ५ मिळाले. म्हणजे ‘पाच स्टार’ हा एकच शब्द, पण २०१८ चा अर्थ वेगळा आणि २०२४ चा वेगळा. स्टार नावाला नसतात, त्या सालच्या गाडीला असतात.

आणि हे स्टार पट्टा लावलेल्या माणसाचे आहेत. पुतळ्यांना पट्टा बांधूनच गाडी आपटतात. आपण पट्टा लावला नाही तर पाचाचे शून्य व्हायला वेळ लागत नाही. पाटस, यवत किंवा न्हावऱ्याच्या रस्त्याने गळीत हंगामात रात्री गेलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे, की समोर उसाची दुहेरी ट्रॉली असते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अचानक ब्रेक लागला की मागे बसलेली बिनपट्ट्याची बाई पुढच्या सीटवर जाऊन आदळते. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे आणि दंड १,००० रुपये आहे. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसायचं तर मुळीच नाही. एअरबॅग फुटते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि ती बाळावरच फुटेल.

आता हिशेब. त्या ताईंच्या बैठकीत आम्ही फळ्यावर मांडला तो असा. गाडी साडेपाच लाखांची, दीड लाख घरचे, कर्ज ४ लाख. व्याज १२ टक्के, मुदत ४ वर्षं. हप्ता साधारण १०,५०० रुपये. चार वर्षांत व्याजच एक लाखाच्या वर जातं. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून महिन्याला ३,००० धरले. पुण्याची एक फेरी जाऊन-येऊन १६० किलोमीटर, महिन्याला आठ फेऱ्या, म्हणजे १,२८० किलोमीटर. लिटरला १६ धरलं तर ८० लिटर पेट्रोल, १०५ रुपयांनी ८,४०० रुपये. एकूण झाले २१,९००. भाड्याच्या गाडीला एका फेरीचे ३,००० धरले तर आठ फेऱ्यांचे २४,०००. म्हणजे वाचतात फक्त २,१०० रुपये, तेही घरचाच माणूस चालवणार असेल तर.

मग आम्ही विचारलं, उपचार महिन्यातून दोनदाच राहिले तर? भाडं ६,००० आणि स्वतःच्या गाडीचा खर्च १५,६००. फळ्यावरचा आकडा बघून दुसऱ्या एका बाईने तिच्या घरचा बेत तिथेच रद्द केला. तिला वर्षातून चार लग्नं आणि एक जेजुरी, एवढ्यासाठीच गाडी हवी होती.

“घरी असताना भाड्याने फिरवू” असं कोणी म्हणालं तर सावध राहा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही, आणि तशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणखी एक. शेळीपालनाच्या नावाने उचललेलं कर्ज गाडीत घालू नका. शेळी व्याज फेडते, गाडी व्याज खाते.

जुन्या गाडीचा भाव करताना हेही ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर उपकर वेगळा. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीही उतरायला हवी. एजंट नव्या गाडीची जुनी किंमत सांगून भाव करत असेल, तर शोरूममध्ये आजची किंमत विचारून या.

गाडी बघायला जाताना मिस्त्री बरोबर न्याच, पण या गोष्टी आपल्यालाही बघता येतात:

एक, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझत नसेल तर बिघाड आहे. तो लागतच नसेल तर कोणीतरी काहीतरी लपवलं आहे.

दोन, पट्टा पूर्ण बाहेर ओढा. त्यावर तयार झाल्याची तारीख शिवलेली असते. ती गाडीच्या सालाशी जुळत नसेल, तर पट्टा का बदलला ते विचारा. झटका दिल्यावर पट्टा अडकला पाहिजे. मागच्या मधल्या जागेचा पट्टा खांद्यावरून येतो की फक्त कमरेचा आहे, तेही बघा.

तीन, टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

चार, डिकीतली स्टेपनी काढून खाली हात घाला. गाळ, गंज, कुबट वास असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते. नदीकाठच्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

पाच, आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांच्या आत अर्ज करा. गाडीचा नंबर घालून सरकारी एमपरिवहन अॅपवर विमा, बोजा, दंड बघता येतो. घरात कॉलेजची मुलगी असेल तर ती दोन मिनिटांत काढून देईल.

त्या ताईंनी काय केलं? पहिली चकचकीत गाडी त्यांनी सोडली. एअरबॅगचा दिवा लागतच नव्हता. एजंट म्हणाला, “बल्ब गेलाय, दोनशे रुपयांचं काम आहे.” ताई म्हणाल्या, “मग दोनशे रुपये खर्चून लावून दाखवा.” तो पुन्हा फोनवर आला नाही. दीड महिन्याने त्यांना २०१९ ची पेट्रोल गाडी मिळाली. रंग ठिकठिकाणी उडालेला, पण सर्व्हिसच्या पावत्या सगळ्या जपलेल्या आणि बोजा नाही.

मग बैठकीत गटाने एक अट घातली. हप्ता ताई भरणार, तर गाडी ताईंच्या नावावर. मुलगा जरा नाराज झाला, म्हणाला, “आईला कुठे चालवता येते?” त्यावर सासूबाईच म्हणाल्या, “शेत चालवते, घर चालवते, कागदावर नाव चालतंय की तिचं.” कर्ज मंजूर झालं. आता पुण्याला जाताना सासूबाई मागे बसतात आणि ताई आधी त्यांचा पट्टा लावतात, मग स्वतःचा.

तुमच्या गटात गाडीचा विषय आला तर आधी फळ्यावर हिशेब मांडा, गाडीचं साल बघा, बोजा बघा आणि नाव कोणाचं लागणार ते ठरवा. मगच अंगठा किंवा सही. पुढच्या वेळी नव्या विषयासह भेटूच. नमस्कार.