वेग गाठला, पण अंतर?
आजारपणात वर्ग बुडाले की राहिलेली माहिती मिळवून इतरांच्या बरोबरीला येणे, याला इंग्रजीत ‘गेट अप टु स्पीड’ म्हणतात. शब्दशः अर्थ, वेग गाठणे. पण वेग गाठला की बरोबरी होते का?

समजा, पनवेल स्थानकातून लोकल सुटली. तिचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद वाढतो. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, हा वेग यायला ४० सेकंद लागतील. सरासरी वेग १० मीटर प्रतिसेकंद. म्हणून कापलेले अंतर ४०० मीटर. ती सुटली त्याच क्षणी शेजारून २० मीटर प्रतिसेकंद या स्थिर वेगाने गेलेली गाडी तोवर ८०० मीटरांवर!

आता वेग सारखे, पण ४०० मीटरांचे अंतर कायम. ते भरून काढण्यासाठी काही काळ अधिक वेगानेच धावावे लागेल. बुडालेल्या पाठांचेही तसेच आहे.