पाळीव प्राण्यांचे पुस्तक उघडताना आधी साल पाहा

मागच्या पावसाळ्यात सांगलीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोराला घरचंच कुत्र्याचं पिल्लू चावलंय. अण्णा म्हणतात, पुस्तकात लिहिलंय की दहा दिवस पिल्लावर नजर ठेवा, मग बघू. नाहीतर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील."

अण्णा म्हणजे तिचे सासरे. वाचणारा माणूस. चावून दोन दिवस झाले होते आणि रक्त आले होते. मी म्हटले, "पुस्तक मिटून ठेव आणि आत्ताच्या आत्ता त्याला सरकारी दवाखान्यात ने." पोराला त्याच दिवशी दंडात इंजेक्शन मिळाले, जखमेत भरायचे औषधही मिळाले. पोरगा बरा आहे, पिल्लूही बरे आहे. पण ते दोन दिवस मला अजून आठवतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. तिथे छापलेल्या एका पानाने आमचे दोन दिवस खाल्ले होते.

पुढे मी ते पुस्तक मागून घेतले. साल १९७४. लेखकाने खोटे काहीच लिहिले नव्हते. त्या काळी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली ती पद्धत. ती लस पोटात टोचत, रोज एक याप्रमाणे सात ते चौदा दिवस, आणि काही जणांना त्या लसीनेच लकवा होई. त्यामुळे लस देण्याआधी डॉक्टरही विचार करत. २००५ च्या सुमारास ती लस आपल्या देशातून गेली. आताची लस दंडाच्या स्नायूत दिली तर पाच वेळा आणि कातडीत दिली तर चार भेटींत होते : पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. जखम खोल असेल किंवा रक्त आले असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरतात. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवणे आजही आहे, पण लस सुरू केल्यावर, लसीऐवजी नाही. आणि सगळ्यात आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. चटणी, हळद, चुना काही लावायचे नाही.

तेव्हापासून कुठेही कुत्र्यामांजराचे पुस्तक दिसले की मी आधी मुखपृष्ठामागचे पान उघडतो. तिथे पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रण असे लिहिलेले असते. पुनर्मुद्रण म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापला. 'सुधारित आवृत्ती' असे असेल तरच काही बदलले असण्याची शक्यता. एस.टी. स्टँडवरच्या आणि प्रदर्शनातल्या स्टॉलवर मुखपृष्ठ नवे कोरे आणि आतला मजकूर चाळीस वर्षांचा, असा प्रकार मी पाहिला आहे.

मग 'पार्व्हो' शोधायचे. पिल्लांना रक्ती हगवण लावून दोन-तीन दिवसांत मारणारा हा विषाणू जगात १९७८ साली ओळखला गेला. त्याआधीच्या पुस्तकात तो असणेच शक्य नाही. अण्णांच्या पुस्तकातही नव्हता. पार्व्हो सापडला तर पिल्लाच्या लसींचा तक्ता पाहा. बाराव्या आठवड्याला लसी संपवल्या असतील तर पुस्तक मागे पडले आहे. पिल्लाला आईच्या चिकातून जे संरक्षण मिळते तेच काही आठवडे लसीलाही निकामी करते, आणि ते कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यावा, असे आता सांगतात. बाराव्या आठवड्याला थांबलेले पिल्लू लस घेऊनही पार्व्होने जाऊ शकते आणि मग लोक म्हणतात लसच खोटी.

मांजर पाळणाऱ्यांनी पॅरासिटामॉल काय लिहिले आहे ते पाहावे. आपल्या डब्यातली तापाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती पचवायला लागणारी यंत्रणा तिच्या यकृतात पुरेशी नसते. रक्त तपकिरी पडते, श्वास लागतो. मांजराला 'माणसाची गोळी थोडी कमी करून द्या' म्हणणारे पुस्तक घरात ठेवू नये.

सांगलीच्या वाचकांसाठी आणखी एक. कृष्णेचे पाणी घरात शिरते तेव्हा लेप्टो येतो. उंदराच्या, जनावराच्या मुतातून तो पाण्यात जातो आणि भेगाळलेल्या पायातून आत शिरतो. तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याच्या मुतातून घरच्या माणसांनाही. जुनी पुस्तके त्याची लस 'ऐच्छिक' म्हणून एका ओळीत उरकतात. पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, जिथे हा आजार नेहमीचा आहे तिथे ही लस आवश्यक धरावी असे म्हटले आहे. पलूस, वाळवा, मिरजेच्या पूरपट्ट्यातल्या लोकांनी आपल्या डॉक्टरांना हे जरूर विचारावे.

भाषांतरित पुस्तकांबद्दल माझी तक्रार वेगळी. त्यांतला कुत्रा थंड देशातला असतो. जत, आटपाडीकडचा कारवानी कुत्रा मुळातच सडपातळ. पुस्तकातले चित्र पाहून लोक त्याला कुपोषित समजतात आणि चारून चारून जाड करतात.

चांगले पुस्तक मिळायचे कुठे? मराठीत गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्यांवर पुष्कळ लिहिले जाते, कुत्र्यामांजरांवर फारच कमी. लेखकाच्या नावापुढे बी.व्ही.एस्सी. किंवा एम.व्ही.एस्सी. ही पदवी आहे का ते पाहावे. कुत्रा शिकवणाऱ्याचे पुस्तक शिकवण्यापुरते चांगले, औषधापुरते नाही. साताऱ्याकडच्यांना खंडाळा तालुक्यातले शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. १९८८ पासूनचे हे महाविद्यालय आता नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येते. तिथल्या प्राध्यापकांना 'घरी वाचायला कोणते पुस्तक घेऊ' असे विचारायला लाजायचे कारण नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही हाच प्रश्न चालतो. इंग्रजी वाचणारे कोणी घरात असेल तर १९५५ पासून निघणारे 'मर्क'चे पशुवैद्यक पुस्तक आणि वर सांगितलेले २०२४ चे लसींचे मार्गदर्शन मोबाइलवर फुकट वाचता येते. पोरांना ते मोठ्याने वाचून मराठीत सांगायला लावावे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या ग्रंथालयांची पुस्तके भिजून गेली. अशा वेळी कपाट भरायला देणगीची पुस्तके येतात, आणि देणगीत जुनी पुस्तके येणारच. आपल्या विहारातल्या कपाटाचेही तसेच आहे. कथा-चरित्रे जुनी चालतात, औषधाचे पुस्तक चालत नाही. वाचनालयाच्या मागणी वहीत नव्या पुस्तकाचे नाव लिहून यावे. एकाने लिहिले तर राहते, पाच जणांनी लिहिले तर येते.

अण्णांचे पुस्तक मी परत केले. आत त्यांनीच स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली आहे : 'चावल्यास यातले पान ६२ वाचू नये. जखम धुऊन दवाखान्यात जावे.'