न दिसणे आणि नसणे : उंदरातील गॅमा-डेल्टा पेशींचा शोध

साप चावल्यावर सरकारी दवाखान्यात जे प्रतिविष टोचतात, ते घोड्याच्या रक्तातून येते हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा वारंवार दिली जाते. त्याचे शरीर त्या विषाला धरून ठेवणारी प्रथिने तयार करते आणि ती वेगळी काढून माणसाला देतात. या प्रथिनांना प्रतिपिंड म्हणतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे हे ज्ञान मराठी घरांत पोहोचले. प्रतिपिंडाचा मुख्य गुण म्हणजे तो ठरावीक आकाराच्या रेणूलाच चिकटतो, इतरांकडे सहसा ढुंकून पाहत नाही. या गुणाचे दोन उपयोग आहेत. चिकटून निकामी करणे हा पहिला. चिकटून ओळखणे हा दुसरा. प्रयोगशाळेत हे दोन उपयोग एकमेकांत मिसळले की काय गोंधळ होतो, ते या लेखात पाहायचे आहे.

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी काही छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरावरून त्यांना टी पेशी म्हणतात. प्रत्येक टी पेशीच्या पृष्ठभागावर परके काय आणि आपले काय हे चाचपणारा एक ग्राही असतो. तो दोन साखळ्यांचा बनतो. बहुतेक पेशींत या साखळ्या अल्फा आणि बीटा असतात. 1984 साली अमेरिकेत सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत अल्फा साखळीच्या जनुकाचा शोध चालू असताना भलतेच जनुक हाती लागले. त्याला गॅमा हे नाव मिळाले. 1986 मध्ये माणसाच्या पेशींवर हा दुसऱ्या प्रकारचा ग्राही प्रत्यक्ष आढळला, आणि 1987 मध्ये गॅमाची जोडीदार डेल्टा साखळीही सापडली. म्हणजे आधी जनुक मिळाले, मग पेशी मिळाली आणि ती करते काय हा प्रश्न शेवटी आला. त्या प्रश्नाचे पुरे उत्तर अजूनही शोधले जात आहे.

या पेशी संख्येने थोड्या. उंदराच्या प्लीहेत आणि लसीका ग्रंथींत शंभर टी पेशींमागे एक ते चार, असे त्यांचे प्रमाण असते. माणसाच्या रक्तातही त्या साधारण तितक्याच, कधी थोड्या अधिक. पण उंदराच्या कातडीच्या वरच्या थरात मात्र त्यांचेच राज्य आहे; तिथे त्या जखम भरून येण्यास मदत करतात. गुरे, मेंढ्या आणि शेळ्यांमध्ये तर चित्रच पालटते. या जनावरांच्या, विशेषतः लहान वयातल्या पिलांच्या रक्तात गॅमा-डेल्टा पेशींचा वाटा खूप मोठा असतो. आमच्या जिल्ह्याचे जुने नाव जगभर मिरवणारी काळीभोर उस्मानाबादी शेळी याच कुळातली. दावणीला बांधलेल्या करडाच्या अंगात ज्या पेशी मुबलक आहेत, त्याच उंदरात शोधायला एवढा खटाटोप का, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. उंदराची जनुके हवी तशी बदलता येतात, पिढ्या झपाट्याने होतात आणि त्याच्यासाठी प्रतिपिंडांचा मोठा साठा तयार आहे. शेळीसाठी तो फारच तोकडा आहे, आणि उंदरासाठी बनवलेला प्रतिपिंड शेळीच्या पेशीला धरत नाही.

शंभरातल्या दोन पेशी निवडायच्या कशा? इथे 1975 चे काम उपयोगी पडते. केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी एक पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी यांचा संकर केला. त्यातून एकाच साच्यातले प्रतिपिंड अखंड मिळू लागले. घोड्याच्या रक्तात शेकडो प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण असते. इथे एकच शुद्ध वाण मिळतो. या कामासाठी दोघांना 1984 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उंदराच्या ग्राहीविरुद्ध प्रतिपिंड हवा असेल तर तो उंदराकडून सहजी मिळत नाही, कारण स्वतःच्या शरीरातल्या रेणूवर हल्ला न करणे हीच प्रतिकारशक्तीची पहिली शिस्त. म्हणून हॅमस्टर या दुसऱ्या कुळातल्या कुरतडणाऱ्या प्राण्याची मदत घेतली गेली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस असे दोन प्रतिपिंड पुढे आले. एक जीएल-3, दुसरा यूसी-7. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत उंदराच्या गॅमा-डेल्टा पेशी ओळखायला मुख्यतः हेच वापरतात. प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडतात, तो पेशींत मिसळतात, आणि एकेक पेशी लेसर किरणासमोरून नेणाऱ्या फ्लो सायटोमीटर या यंत्रातून त्या सोडतात. जी चमकली ती मोजली. काही पेशी कोणत्याही प्रतिपिंडाची शेपटी पकडून ठेवतात, तर मेलेल्या पेशी वाटेल त्याला चिकटतात. म्हणून त्या शेपटीच्या जागा आधी बुजवाव्या लागतात आणि मेलेल्या पेशी वगळाव्या लागतात. शिवाय नावांचा घोळ आहे. गॅमा साखळीच्या उपप्रकारांना क्रमांक देण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. कातडीतल्या त्याच पेशीला एक पद्धत गॅमा-5 म्हणते, दुसरी गॅमा-3. एकाच गावाची दोन नावे चालू असली की टपालाचे जे होते, तेच शोधनिबंध वाचणाऱ्याचे होते.

आता मूळ अडचणीकडे येऊ. पेशी ओळखता आली की पुढचा प्रश्न येतो, ती नसती तर काय झाले असते? याचे उत्तर मिळवायला संशोधक हाच प्रतिपिंड जिवंत उंदराला टोचू लागले. तर्क असा, की प्रतिपिंड पेशीला चिकटेल आणि शरीर ती पेशी नष्ट करील. काही दिवसांनी रक्त किंवा प्लीहा घेऊन, रंगवलेल्या प्रतिपिंडाने तपासायचे. पेशी दिसल्या नाहीत की त्या संपल्या असे धरायचे, आणि मग उंदराच्या आजारात जो फरक पडेल तो पेशी नसल्याचा परिणाम मानायचा.

2009 मध्ये जर्मनीतील हॅनोवरच्या संशोधकांनी हा तर्क तपासला. त्यांच्याजवळ एक खास उंदीर होता. त्याच्या गॅमा-डेल्टा पेशींच्या केंद्रकातच हिरवे चमकणारे प्रथिन तयार होई, त्यामुळे पेशी ओळखायला बाहेरचा ग्राही बघण्याची गरजच नव्हती. या उंदरांना प्रतिपिंड टोचले आणि दोन्ही रीतींनी पाहिले. ग्राहीवर रंग लावून पाहिले तर पेशी गायब. हिरव्या खुणेने पाहिले तर पेशी जागच्या जागी. झाले होते असे, की प्रतिपिंड चिकटताच पेशीने आपले ग्राही पृष्ठभागावरून आत ओढून घेतले होते. दारावरची पाटी काढून घेतली होती. घरातली माणसे घरातच होती. संशोधकांनी त्यांना अदृश्य पेशी असेच म्हटले.

याचा अर्थ आधीचे सगळे प्रयोग वाया गेले असा नाही. उंदरात काहीतरी बदल नक्कीच घडत होता. पण तो पेशी संपल्यामुळे, तिचा ग्राही मिटल्यामुळे, की प्रतिपिंडाच्या धक्क्याने पेशी उलट चेतवली गेल्यामुळे, हे सांगता येत नव्हते. निरीक्षण तसेच राहिले, स्पष्टीकरण मात्र पुन्हा तपासावे लागले. आणि चूक नेमकी कुठे होती? ज्या खुणेवर घाव घातला, तीच खूण घावाचा परिणाम मोजायला वापरली, तिथे.

दुसरा मार्ग म्हणजे डेल्टा साखळीचे जनुकच काढून टाकलेला उंदीर. तो 1993 पासून आहे. पण त्याच्यात या पेशी जन्मापासूनच नसतात, आणि रिकामी जागा शरीर रिकामी ठेवत नाही. अशा उंदराच्या कातडीत अल्फा-बीटा पेशी येऊन बसतात. म्हणून 2018 मध्ये आणखी एक युक्ती निघाली. घटसर्पाचे विष उंदराच्या पेशींना सहसा बाधत नाही. फक्त गॅमा-डेल्टा पेशींवर त्या विषाला दार उघडणारा रेणू बसवला, तर उंदीर मोठा झाल्यावर, हव्या त्या दिवशी, नेमक्या त्याच पेशी मारता येतात.

हे सारे परदेशातच चालले आहे असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. गिरधारी लाल यांच्या गटाने दाह, स्वप्रतिकार आणि सहनशीलता यांतील गॅमा-डेल्टा पेशींचा अभ्यास केला आहे. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी अनेक वर्षे मानवी गॅमा-डेल्टा पेशी आणि तोंडाचा कर्करोग यांवर काम केले. तंबाखू मळणाऱ्या आपल्या प्रदेशात या विषयाचे मोल वेगळे सांगायला नको. या पेशी कर्कपेशींना मारू शकतात, तशाच काही परिस्थितींत गाठीला पोसणारा दाहही वाढवू शकतात. त्यातही माणसाच्या रक्तातला मुख्य उपप्रकार उंदरात नाहीच. म्हणून उंदरावरचा निष्कर्ष माणसाला लावताना दोन पायऱ्या तपासायच्या असतात. उंदरात खरोखर काय घडले ही पहिली, आणि ते माणसात घडेल का ही दुसरी. पहिलीच डळमळीत असेल तर दुसरीवर पाय ठेवण्यात अर्थ नाही.

'दिसले नाही' याची किंमत आमच्या जिल्ह्याने निराळ्या रीतीने पाहिली आहे. 1999 साली इथल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी सुरू झाली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया तिच्यात होत्या. खेड्यांचे गट पाडून काहींत विषाणूची, काहींत पेशींची, काहींत डोळ्यांनी पाहण्याची तपासणी झाली. एका गटात नेहमीचीच व्यवस्था राहिली, आणि त्या गटावरून पुढे टीकाही झाली. तपासणीत काही दिसले नाही म्हणून त्या स्त्रियांचा विषय तिथे संपवला गेला नाही. आठ वर्षे कर्करोगाच्या आणि मृत्यूच्या नोंदी ठेवल्या. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा कळले, की विषाणू न दिसलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग फारच कमी झाला, तर इतर दोन तपासण्यांत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांत त्याचे प्रमाण सुमारे चौपट होते. तिन्ही तपासण्यांचा शेरा एकच होता, 'काही आढळले नाही'. त्यांतला कोणता भरवशाचा, हे त्या तपासण्या सांगू शकत नव्हत्या. ते वेगळ्या, स्वतंत्र नोंदवहीने सांगितले.

हॅनोवरचा हिरवा उंदीर आणि इथली ती नोंदवही यांचे काम एकच. एका वर्षी, 2009 मध्ये, ती दोन्ही जगासमोर आली हा योगायोग. दवाखान्यातून येणाऱ्या कागदावर 'आढळले नाही' असे लिहिलेले असते तेव्हा आपणही एक प्रश्न विचारायला हरकत नाही : कशाने पाहिले, आणि ते असते तर या रीतीने दिसले असते का?