गोट्यांचं वाळवंट, मेंढ्यांची पाणथळ आणि मंगळवारचा बाजार

ऑक्टोबरच्या शेवटी ब्रिटनमधल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते आणि बऱ्याचदा ती दिवाळीला लागूनच येते. लंडन परिसरातली कितीतरी मराठी कुटुंबं त्या दिवसांत मोरोक्को गाठतात. मराकेशचे बाजार, मातीच्या भांड्यात शिजलेलं ताजीन, सहाराच्या कडेला एक रात्र. ती सहल जरूर करावी. पण जुना बाजार, त्या मातीतलं खाणं आणि ओसाड मुलूख हे तिन्ही एका फेरीत बघायचं असेल, तर लंडनच्या आग्नेयेला केंटचा किनारा आहे. तिथे या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या काढताच येत नाहीत, म्हणून मला ती सहल जास्त मोलाची वाटते.

सुरुवात डंजनेसपासून करावी. समुद्रात घुसलेला हा सपाट त्रिकोण म्हणजे मैलोगणती पसरलेले गोल, करडे-पिवळे गोटे. याला ‘ब्रिटनचं एकमेव वाळवंट’ म्हणायची पद्धत पडली आहे, पण इथल्या हवामान खात्याला ते मान्य नाही. वाळवंटाचा ढोबळ निकष वर्षाला अडीचशे मिलिमीटरहून कमी पाऊस हा आहे आणि इथे त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. आपल्या माणदेशातल्या कित्येक गावांना एवढा पाऊस मिळाला तर ती सुखावतील. तरी डंजनेस ओसाड दिसतं, कारण गोट्यांवर पडलेलं पाणी क्षणात खाली झिरपतं. वर माती जवळजवळ नाही, आडोसा नाही आणि खारं वारं कधी थांबत नाही.

हे गोटे आले कुठून? इंग्लिश खाडीच्या काठच्या खडूच्या कड्यांमध्ये गारगोटीचे थर असतात. कडे ढासळतात, खडू विरघळून जातो, गारगोटी उरते आणि नैऋत्येकडून येणाऱ्या लाटा ती किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेला ढकलत नेतात. हे काम हजारो वर्षं चालू आहे. पश्चिमेची बाजू झिजते, पूर्वेची वाढते. समुद्र असा सरकत गेल्यामुळे आणि पुढे अणुवीज केंद्र आड आल्यामुळे इथे आजवर पाच दीपगृहं बांधावी लागली. त्यांतलं 1904 सालचं काळं दीपगृह आता निवृत्त आहे, 1961 सालचं चालू आहे. पहिलं अणुवीज केंद्र 1965 ते 2006 चाललं, दुसऱ्यातली वीजनिर्मिती 2018 साली थांबली आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. या केंद्रांखालचे गोटे वाहून जाऊ नयेत म्हणून पूर्वेकडचे गोटे ट्रकांत भरून पश्चिमेला आणून टाकायची वहिवाट पडली. समुद्राने नेलेलं माणसाने परत आणायचं, असा तो व्यवहार.

अशा जागी सुमारे 600 जातींच्या वनस्पती उगवतात, म्हणजे ब्रिटनमधल्या एकूण जातींच्या जवळपास एक तृतीयांश. त्यातली सी केल ही समुद्रकाठची रानकोबी. तिची मुळं खोल ओल शोधत जातात. पूर्वी किनाऱ्यावरचे लोक तिच्यावर गोट्यांचा ढीग रचून कोवळे कोंब पांढरे राखायचे आणि भाजीसारखे खायचे. आता हे राष्ट्रीय निसर्गराखीव क्षेत्र आहे, तेव्हा काही तोडायचं नाही आणि रोपांवर पाय द्यायचा नाही. इथली झाडी पायाखाली गेली की भरून यायला फार काळ लागतो.

घरं म्हणजे डांबर फासलेल्या लाकडी झोपड्या. 1920च्या दशकात रेल्वे कामगारांनी जुने डबे आणून त्यांचीही घरं केली. अशाच एका काळ्या झोपडीत, प्रॉस्पेक्ट कॉटेजमध्ये, चित्रपट दिग्दर्शक डेरेक जार्मन 1994 साली निधन होईपर्यंत राहत होते. एचआयव्हीची लागण कळल्यानंतरच्या वर्षांत त्यांनी वाहून आलेली लाकडं, गंजलेलं लोखंड आणि ही रानरोपं घेऊन बिनकुंपणाची बाग उभी केली. 2020 साली लोकवर्गणीतून 35 लाख पौंड जमवून ती वास्तू वाचवली गेली. ती बाग पाहिली की या जागेला उजाड म्हणणं मला तरी जमत नाही.

हाइदहून डंजनेसला छोटी आगगाडीही येते. 1927 साली सुरू झालेल्या या मार्गाच्या रुळांमधलं अंतर फक्त 15 इंच आहे, माथेरानच्या गाडीचं 24. इंजिनं वाफेची, मार्ग साडेतेरा मैलांचा. हिवाळ्यात फेऱ्या तुटपुंज्या असतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघावं.

गाडी ज्या सपाटीतून जाते ती रॉमनी मार्श. गोट्यांच्या बांधाआड गाळ साचत गेला, माणसांनी चर खणून पाणी काढलं आणि कुरण तयार झालं. 1287 सालच्या वादळाने रॉदर नदीचं मुखच न्यू रॉमनीहून राय गावाकडे वळवलं. एका गावाचं बंदर बुजलं आणि दुसऱ्याचं नशीब उघडलं. या ओलसर कुरणात टिकणारी रॉमनी मेंढी पुढे न्यूझीलंडपर्यंत पोचली. दक्षिण केंटमधल्या खानावळींत पाटीवर ‘रॉमनी मार्श लॅम्ब’ दिसलं की मागवावं. ते मटण त्या चरांचं आणि गोट्यांच्या बांधाचं देणं आहे.

बाजारासाठी मात्र उत्तरेला फॅव्हरशॅम गाठायचं. 1086 सालच्या डूम्सडे नोंदवहीत इथल्या बाजाराची नोंद आहे. तो आजही मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो, आणि शेजारी 1574 सालच्या लाकडी खांबांवर उभं गिल्डहॉल आहे. खाली मोकळी ओसरी आणि वर कारभाराचं दालन, म्हणजे पावसात विक्रेत्यांना आडोसा. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या ग्रंथात बाजाराचा एक सुरेख नियम आहे. जुन्या बाजारापासून सुमारे पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार भरवू नये. हिशेब असा: माणूस दिवसभरात 20 मैल चालतो, त्याचे तीन वाटे करायचे. एक जाण्याचा, एक खरेदी-विक्रीचा, एक उजेड असेतो घरी परतण्याचा. आपल्याकडे शेजारच्या गावांनी आठवडे बाजाराचे वार वाटून घेतले, इथे अंतर वाटून घेतलं. गरज एकच, पायी चालणाऱ्या शेतकऱ्याची.

ऑक्टोबरात इथे सफरचंदांचा हंगाम असतो. गावाजवळच्या ब्रॉगडेलला राष्ट्रीय फळसंग्रह आहे आणि त्यात सफरचंदांच्याच 2000हून अधिक जाती जपल्या आहेत. सुपरमार्केटच्या चार-पाच जातींवर वाढलेल्या मुलांना तिथे जरूर न्यावं. कॉबनट हे केंटचं हेझलनट, ओलं असताना खाल्लं तर खोबऱ्यासारखं लागतं. शाकाहारी मंडळींनी जिप्सी टार्ट मागावा. आटवलेलं दूध आणि गडद गुळमट साखर फेटून केलेल्या सारणात अंडं नसतं.

मासे खाणाऱ्यांनी शेवटचा मुक्काम हेस्टिंग्जला ठेवावा. इथे बंदर नाही. ते बांधायचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा प्रयत्न फसला. म्हणून होड्या आजही कोकणातल्यासारख्या थेट पुळणीवरून समुद्रात ढकलतात आणि परतल्यावर यंत्राने गोट्यांवर ओढून घेतात. जागा अपुरी, म्हणून जाळी ठेवायच्या काळ्या लाकडी खोल्या उंच उंच बांधल्या आहेत. त्यांच्या आसपासच्या दुकानांत डोव्हर सोल मिळतो, आपल्या लेप्याचा थोराड भाऊ. शेजारी ‘हस’ नावाने जो स्वस्त मासा असतो तो मुशीच्याच कुळातला. काटे नसतात, मांस घट्ट, मालवणी वाटणात छान शिजतो. स्कॅलप हवे असतील तर फेब्रुवारीच्या अखेरीस राय गावात या, तेव्हा तिथे आठवडाभर त्यांचाच उत्सव असतो.