फोटोतले लाल डोळे आणि छपाईत बदलणारे रंग

रात्रीच्या समारंभात फ्लॅशने काढलेल्या फोटोत डोळे लाल का दिसतात? अंधारात बाहुली मोठी झालेली असते. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याचा प्रकाश थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडतो आणि तिथल्या रक्तवाहिन्यांमुळे लालसर होऊन कॅमेऱ्याकडे परत येतो. खोलीत उजेड वाढवला किंवा फ्लॅश लेन्सपासून दूर धरला, तर हा दोष कमी होतो.

फोटो दुरुस्त करताना मूळ फाइल जपून ठेवावी आणि प्रतीवर काम करावे. फक्त बाहुली निवडून तिच्यातला लाल रंग काढावा आणि ती थोडी गडद करावी. डोळ्यातला चमकता ठिपका पुसू नये, नाहीतर नजर निर्जीव वाटते.

मात्र लहान मुलाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसरीची पांढरट दिसत असेल, तर ती घाईने काळी करून टाकू नये. हे बऱ्याचदा प्रकाशाच्या कोनामुळे होते. पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग असला तरीही बाहुली अशी दिसू शकते. त्यामुळे मूळ फोटो घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे लवकर जावे.

दुसरा प्रश्न छपाईचा. स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवते, तर प्रिंटर कागदावर शाई उमटवतो. फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ नेमका कोणता रंग, हे कलर प्रोफाइल सांगते. यासाठीचे सामाईक नियम ठरवणारी आयसीसी ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली.

‘अ‍ॅडोबी आरजीबी’मधला फोटो प्रोफाइल न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फिका दिसतो. अशा वेळी ‘असाइन’ नव्हे, ‘कन्व्हर्ट’ वापरावे. ‘असाइन’मध्ये आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो, ‘कन्व्हर्ट’मध्ये आकडे बदलतात आणि रंग शक्यतो तसाच राहतो. कोणते प्रोफाइल हवे ते लॅबला विचारावे. काहीच सांगितले नसेल, तर ‘एसआरजीबी’ हा सहसा सुरक्षित पर्याय ठरतो.

घरी छापताना रंगांचे नियंत्रण सॉफ्टवेअर किंवा प्रिंटर यांपैकी एकाकडेच ठेवावे. दोन्हीकडे चालू राहिल्यास रंग दोनदा बदलतात. फोटो काळपट छापला जात असेल, तर आधी स्क्रीनची चमक कमी करून पाहावी. अल्बम छापायला देण्याआधी एकच फोटो छापून बघितला, तर बराच खर्च वाचतो.