चिमूटभर मीठ

आपल्या घरात रोज मीठ लागते. गरीब असो, श्रीमंत असो, मिठावाचून कुणाचे भागत नाही. याच मिठावर मुलाची वाढ आणि बुद्धीही अवलंबून असते. ती कशी, ते पाहू.

आपल्या गळ्यात एक लहानशी ग्रंथी असते. तिला आयोडीन नावाचे द्रव्य लागते. किती? जन्मभराचे सारे मिळून चहाच्या एका चमच्याएवढे! पण ते रोज थोडे थोडे मिळावे लागते. ते मिळाले नाही तर ग्रंथी वाढते, गळा फुगतो. त्याला गलगंड म्हणतात. गलगंड डोळ्यांना दिसतो. मोठे नुकसान दिसत नाही. आईच्या पोटात असताना मुलाला आयोडीन फार कमी पडले, तर त्याचा मेंदू नीट वाढत नाही. मूल मंद होते, कधी मुकेबहिरेही होते. ते नुकसान मागाहून भरून येत नाही.

पावसाने, पुराने जमिनीतले आयोडीन वाहून जाते. मग ते धान्यातही पुरेसे उतरत नाही. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात असेच झाले होते. तिथे पुष्कळांना गलगंड होता. 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्रयोग सुरू केला. काही भागांत आयोडीनचे मीठ दिले, एका भागात साधे. 1962 पर्यंत आयोडीनच्या मिठाने गलगंड निम्म्यावर आला. साध्या मिठाच्या भागात तो होता तसाच राहिला. मग तिथेही आयोडीनचे मीठ दिले. 1962 सालीच सरकारने गलगंड आटोक्यात आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

शास्त्राने वाट दाखवली; पण मीठ घरोघरी पोचवायला कायदा लागला. 1998 साली खाण्यासाठी साधे मीठ विकायला देशभर बंदी झाली. 2000 साली केंद्र सरकारने ती उठवली. लोकांवर सक्ती नको, असे म्हणणे होते. पण साधे मीठ पडते स्वस्त. आयोडीनचे मीठ वापरणारी घरे कमी झाली. 2006 साली बंदी पुन्हा लागू झाली.

तुम्ही म्हणाल, समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच की! पण तसं नाही. मिठागरातून मीठ निघेपर्यंत त्यात ते नावापुरतेच उरते. म्हणून सुटे मीठ घेऊ नका. पुडा घ्या आणि त्यावर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे का, ते वाचा. घरी मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा. ओल आणि ऊन लागू देऊ नका. मीठ जास्त खायचे नाही. खातो तेवढेच, पण आयोडीनचे.

आपण अक्षरे शिकलो ती अशाच कामासाठी.