नवी शाळा, नवी हजेरी – लेखांक ४ : मुलाला ओळखणारा कोण?

गेल्या लेखांकात प्रवेशाच्या कागदपत्रांचा विचार झाला. परंतु दाखला दप्तरी दाखल झाला, जनरल रजिस्टरात नाव चढले आणि हजेरीपटावर क्रमांक पडला, की विद्यार्थी शाळेत आला असे समजण्याचा जो शिरस्ता आपल्या माध्यमिक शाळांतून पडून गेला आहे, तो मला मुळातूनच तपासण्याजोगा वाटतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाची जन्मतारीख अंकी आणि अक्षरी असते, मातृभाषा असते, प्रगती व वर्तणूक यांपुढे बहुधा 'चांगली' एवढा एकच शब्द असतो. पण शेवटच्या बाकावरून त्याला फळा नीट दिसत नाही, त्याची वजाबाकी हातच्यापाशी अडते, कोणी आवाज चढविला की तो दिवसभर मुका होतो, किंवा घरच्या धाकट्या भावंडाचा सांभाळ त्याच्याकडेच आहे, यांपैकी एकाही गोष्टीसाठी त्या कागदावर रकाना नाही. ज्या शिक्षकाला हे सारे ठाऊक होते, तो मागे गावातच राहिलेला असतो.

हा वियोग आपल्याकडे मुलाच्या दहाव्या वर्षीच का घडावा, याचे उत्तर इतिहासात आहे. जुन्या मुंबई इलाख्यात मराठी चार इयत्ता झाल्या की मुलगा 'इंग्रजी पहिली'त जाई, आणि ती घडी मोडल्यानंतरही पाचवीचा वर्ग हायस्कुलाच्याच छपराखाली राहिला. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीची गणना प्राथमिक शिक्षणात केल्यामुळे ती कोठे कोठे गावच्या शाळेला जोडली गेली आहे, आणि तेथे हाच प्रसंग वर्षभराने, सहावीच्या दारात उभा राहतो.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत एकच गुरुजी वा एकच बाई सकाळी प्रार्थनेला, मग गणिताला, दुपारी खिचडी वाढताना आणि अखेर पाटी-दप्तर आवरताना मुलाच्या नजरेसमोर असतात, आणि मूलही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. हायस्कुलात मात्र घंटा झाली की एक सर जातात आणि दुसऱ्या मॅडम येतात. प्रत्येकाची वही निराळी, समास सोडण्याची रीत निराळी, गृहपाठ तपासण्याचा वार निराळा. त्यात आजवर पाचवीपासूनच सुरू होत आलेली हिंदी. विषयशिक्षकाकडे पाच तुकड्या असल्या आणि तुकडीत पन्नास मुले धरली, तर अडीचशे चेहरे त्याच्यापुढून जातात. त्यांतला एक चेहरा चार दिवसांपासून उतरलेला आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही, याचा दोष मी त्याच्या माथी मारणार नाही. दोष रचनेचा आहे, आणि म्हणून तजवीजही रचनेतच झाली पाहिजे.

माझ्या मते या तजविजीचा केंद्रबिंदू वर्गशिक्षक होय. पुष्कळ शाळांतून वर्गशिक्षक म्हणजे हजेरी मांडणारा, फी गोळा करणारा आणि प्रगतिपुस्तकावर सही करणारा, एवढाच अर्थ उरला आहे. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक आखताना पाचवीच्या वर्गशिक्षकाची पहिली तासिका रोज त्याच्याच वर्गावर लावावी, जूनअखेरपर्यंत तिच्यातील निम्मा वेळ पाठ्यक्रमातून मोकळा ठेवावा, आणि त्या वेळात त्याने मुलांशी केवळ बोलावे. घरून निघताना काय खाल्ले, एस.टी. मिळाली की चालत आलात, कालचा गृहपाठ कोणता समजला नाही, ही विचारपूस कोणाला क्षुल्लक वाटेल. पण ज्या मुलाला रोज सकाळी कोणीतरी नावाने हाक मारून काही विचारते, ते मूल आपली अडचण सांगावयास शिकते.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ साली साने गुरुजी शिक्षक झाले, आणि पुढे तेथील छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांची अंथरुणे आवरीत, आणि 'छात्रालय दैनिक' हे हस्तलिखित त्यांच्यासाठी रोज लिहून काढीत. सर्वांनी इतके करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. पण घर सोडून आलेल्या मुलाची ओळख तासिकेच्या बाहेर, त्याच्या राहण्याजेवण्यात होते, हे त्यांना उमगले होते, आणि त्या ओळखीसाठी आज वेळापत्रकात अर्धी तासिका तरी मागून घेणे हा आपला हक्क आहे.

दुसरे काम जूनच्या आधीचे आहे. हायस्कुलात मुले पाठविणाऱ्या गावोगावच्या प्राथमिक शिक्षकांना एप्रिलमध्येच अर्धा दिवस बोलावून घ्यावे आणि प्रत्येक मुलाविषयी चार ओळी लिहून घ्याव्यात. हा कागद वर्गशिक्षकाच्या खणातच राहावा. अन्यथा त्यातील कच्चेपणाचा शेरा मुलाला वर्षानुवर्षे चिकटून राहावयाचा.

मुलींच्या बाबतीत वाहनाचा प्रश्न सर्वांत आधी येतो. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना शाळेसाठी एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. परंतु अर्ज शाळेतून आगारात जाऊन पास हाती येईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांचे तिकीट परवडत नाही म्हणून मुलगी घरी बसली, तर ती पुढेही रेंगाळू लागते. म्हणून पासाचे अर्ज प्रवेशाच्याच दिवशी भरून घेण्याची जबाबदारी कार्यालयातील लिपिकाकडे नेमून द्यावी. स्वच्छतागृह कोठे आहे, त्याची कडी लागते की नाही, हेही पहिल्याच दिवशी एखाद्या बाईंनी मुलींना सोबत नेऊन दाखवावे. ही गोष्ट विचारण्याच्या संकोचाने दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आहेत.

भाषेविषयी एवढेच सांगतो की, घरी अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचे पहिल्या आठवड्यातील उत्तर सर्वांदेखत दुरुस्त करू नये. उत्तर बरोबर आहे ना, मग ते स्वीकारावे. प्रमाण मराठीला पुढे पाच वर्षे आहेत.

गैरहजेरीचा विचार मात्र निकडीने केला पाहिजे. सलग तिसऱ्या दिवशी मूल आले नाही, तर त्याच गावच्या मुलाकरवी निरोप किंवा घरी दूरध्वनी गेलाच पाहिजे, आणि तो निरोप जाब विचारणारा नसावा. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांच्या गावांत तर या चौकशीला निश्चित मुदत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि जूनमध्ये कष्टाने रुळलेले मूल बैलगाडीत वा ट्रकात बसून निघून जाते. कोणाचे आईबाप जाणार आहेत, मुलाला सांभाळण्यास मागे आजी आहे की नाही, याची यादी वर्गशिक्षकाने गणेशोत्सवापूर्वीच सिद्ध करावी, म्हणजे हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत करता येईल. त्या वसतिगृहांत जेवण कोण रांधते, रात्री मुलांजवळ कोण झोपते आणि आईबाप परत येईपर्यंत अभ्यास कोण घेते, याचा विचार पुढील लेखांकात करू.